नणंद झोक्यावर चढेना

श्रावण शुद्ध चतुर्थी, १९७६. मी परसातल्या चुलीवर ज्वारीच्या लाह्या फोडत होते. कढई तापली की मूठभर ज्वारी टाकायची, फडक्याच्या बोळ्यानं भराभर फिरवायची आणि फुटायला लागली की वर सूप आडवं धरायचं, नाहीतर निम्म्या लाह्या कोंबड्यांच्या. त्या दिवशी बायकांचा भावासाठी उपास असतो, त्यामुळे नीट फुटल्यात का हे बघायला एक लाहीसुद्धा तोंडात टाकता येत नाही. आवाजावरून ओळखायचं.

नागपंचमीला आमच्याकडे काही चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा चढवायचा नाही, सुईदोरा हातात घ्यायचा नाही. नागाला इजा होते म्हणतात. मी त्यावर कधी वाद घातला नाही, कारण वर्षातून एक दिवस विळी उभी करून ठेवायला मिळते हे काही वाईट नाही. मात्र त्या एका दिवसाचं सगळं काम आदल्या दिवशी येऊन पडतं. लाह्या झाल्या की भाजी चिरून ठेवायची, पुरण वाटायचं, आणि फाटलेलं काही असलं तर शिवून घ्यायचं.

पंचमीला लेकी माहेरी येतात आणि सुना माहेरी जातात, म्हणजे गावात बायका तेवढ्याच राहतात, फक्त बदलतात. मी त्या वर्षी गेले नव्हते. माझा एकुलता भाऊ पलटणीत होता, त्याला रजा नव्हती, आणि गावातल्या महिला मंडळाचं काम माझ्याकडे होतं. काम म्हणजे काय, तर झोका बांधून घेणं, फेराला कंदील लावणं आणि भांडणं मिटवणं. झोका शाळेपुढच्या चिंचेला बांधत. विहिरींवर मोटारी आल्या तशा मोटा बंद पडल्या होत्या, पण आमच्या घरातला मोटेचा नाडा सासऱ्यांनी पंचमीसाठी म्हणून नीट गुंडाळून ठेवला होता. मनगटाएवढा जाड दोर. त्याला खाली फळी बांधायची आणि दोघींनी समोरासमोर उभं राहून झोका चढवायचा. पुढच्या फांदीचा पाला पायानं हलला की झोका लागला म्हणायचं. नाही हलला तर खाली उभ्या असलेल्या बायका जे बोलत ते ऐकून घ्यायचं.

बौद्धवाड्यातल्या बायका धर्म बदलल्यापासून वारुळाच्या पूजेला येत नसत, पण झोक्याला येत. पहिल्या वर्षी त्यावर कुरबुर झाली होती. मंडळात मी सांगितलं, झाड शाळेचं आहे, ज्यांची पोरं शाळेत आहेत त्या सगळ्यांचा झोका. मग कुरबुर दोराला कोण आधी हात लावतं यावर आली, आणि ती मात्र दरवर्षी होत असे, सगळ्याच आळ्यांत.

संध्याकाळच्या मुक्कामी एसटीनं नणंद आली. चैत्रात लग्न झालेलं, ही तिची पहिली पंचमी. जावई सांगलीजवळ कुपवाडला एका लहान कारखान्यात लेथवर होते आणि दोघं तिथंच एका खोलीत राहत होती. पोरगी बारीक झाली होती, पण चेहरा तरतरीत होता. घरात आली, आईच्या पाया पडली आणि चहा घ्यायच्या आधी मला म्हणाली, "वैनी, मेंदी वाटलीया का?"

"वाटायचीय. दमानं घे की जरा."

"मी वाटते."

तिनं पाट्यावर मेंदी वाटली आणि दोन्ही तळहातांवर सरसकट थापली. बाकीच्या पोरी ठिपके काढत होत्या, काडीनं फुलं काढत होत्या. एकीनं तिला विचारलं, "भिंत सारवतीस का गं?" ती हसली आणि मुठी मिटून बसली. मला पुरण बघायचं होतं, मी लक्ष दिलं नाही.

पंचमीला सकाळी गावातले बहुतेक पुरुष ट्रकमध्ये बसून शिराळ्याला जिवंत नाग बघायला गेले. दरवर्षी जात आणि दरवर्षी त्याच गोष्टी सांगत परत येत. त्यामुळे दिवसभर गाव आमचं. आम्ही नटूनथटून वारुळाला गेलो, दूध आणि लाह्या वाहिल्या, वारुळाभोवती फेर धरला आणि परत येऊन उकडलेली पुरणाची दिंडं तुपाशी खाल्ली. नणंद सगळ्यात होती. फेरात तिनं गाणंही सांगितलं, फक्त हात धरायची वेळ आली की ती बोटांची टोकं तेवढी देत होती.

जेवणं झाल्यावर सगळा लोंढा चिंचेखाली जमला. लग्नाआधी ही पोरगी झोक्याला गावात एक नंबर होती. तिच्याबरोबर उभं राहायला पोरी घाबरत. त्यामुळे सगळ्यांनी वाट करून दिली आणि आमच्या शेजारची काकी म्हणाली, "चला, आली सांगलीची पाव्हणी. दावा आमाला झोका."

नणंद म्हणाली, "मी न्हाई चढत. तुमी चढा."

"का गं?"

"नगो. आसंच."

मी त्या वेळी नाडा तपासत होते, तरी मला ती शांतता ऐकू आली. चाळीस-पन्नास बायका एकदम गप्प होतात तेव्हा ते पाठमोरं असलं तरी कळतं. त्या सगळ्या एकच हिशोब करत होत्या आणि तो फार सोपा होता. पोरगी सकाळी वारुळाच्या पूजेला आली होती, म्हणजे महिन्याची अडचण नव्हती. ताप नव्हता, दिंडं तीन खाल्ली होती. लग्नाला चार महिने झाले होते. आमच्याकडे अशी बाई झोक्याला नाही म्हणाली की त्याचा अर्थ एकच.

काकीनं तोंडाला पदर लावला आणि सासूबाईंना कोपरानं ढोसलं. "आवं, आमाला कवा सांगणार हुता? बारशाला?"

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. आत्याबाईंचा चेहरा असा फुलला की मला तो अजून आठवतो, कारण तो फारसा फुलत नसे. त्यांनी लेकीला जवळ ओढलं. "माझ्याजवळ बी बोलली न्हाईस व्हय गं?"

"आयं, तसलं काय न्हाई."

"बरं बरं, न्हाई तर न्हाई," काकी म्हणाली. "आमी बी पयल्या खेपंला न्हाईच म्हनत हुतो." सगळ्या हसल्या.

ह्यात एक गंमत आहे. अशा वेळी बाई जितक्या वेळा नाही म्हणेल तितकं ते पक्कं होत जातं. दोन बायकांनी लगेच तिला बसायला घोंगडं आणलं. एकीनं आंबट काही हवं का विचारलं. आपण चिंचेखालीच उभ्या आहोत हे लक्षात आलं तेव्हा आणखी हशा झाला. आत्याबाईंनी मात्र तिथल्या तिथं निकाल दिला. "आता उद्याची एसटी न्हाई नि काय न्हाई. त्या खडबडीत रस्त्यानं कुटं जातीस? गौरी हूस्तवर हितंच ऱ्हायाचं. जावयाला मी निरोप धाडते."

नणंदेचा चेहरा उतरला. तिनं माझा दंड धरला आणि मला शाळेच्या मागं नेलं.

"वैनी, मला उद्या गेलंच पायजे."

"का?"

तिनं हात पुढं केले. मेंदी चांगली लालभडक रंगली होती, पण खाली तळवा सोललेला होता. बोटांच्या मुळाशी फोड येऊन फुटलेले, काही ठिकाणी नवे घट्टे, आणि उजव्या अंगठ्याच्या मांसल भागात काळा लोखंडाचा कीस रुतून त्याच्या भोवती सुजलेलं. मेंदी रंगासाठी नव्हती.

ती गेला महिनाभर कामावर जात होती. जावयाच्याच कारखान्यात. ओतकामातून येणारे लहान भाग कानशीनं घासून साफ करायचे. तिथं आणखी दोन बायका होत्या. जावयाला माहीत होतं, त्यानंच विचारून दिलं होतं. तिच्या सासूला माहीत नव्हतं आणि आमच्याकडे तर कुणालाच नाही. मालकानं सणाला सुट्टी दिली होती आणि सांगितलं होतं, उद्या दुपारी हजर पाहिजेस, नाहीतर दारात दुसरी बाई उभीच आहे. ते खरंही होतं, तिनं स्वतःच एकीची जागा अशी घेतली होती.

"गौरीपतूर ऱ्हायले तर गेलं काम," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात मला भोकं पाडायच्या मशिनवर घेनार हायत. कानस सुटतीया मग."

"आईला सांग सरळ."

"हातानं दोर धरवत न्हाई हे सांगू, का कामाला जाते हे सांगू? समद्या गावाम्होरं?"

त्यात तथ्य होतं. चार एकर ऊस असलेल्या घरातली लेक दुसऱ्याच्या दारात कामाला जाते ही बातमी चिंचेखाली सांगण्याजोगी नव्हती. पण दुसरी बातमी तिथं वाढतच होती, आणि ती एकदा शिराळ्याहून परतलेल्या पुरुषांच्या कानावर गेली की मग ते जावयाच्या घरी नारळ पाठवून मोकळे झाले असते. तोंडानं सांगून कुणी ऐकत नव्हतं. ज्या गोष्टीवरून समज झाला तीच करून दाखवायला हवी होती.

मी म्हणाले, "माझ्याबरोबर चढ. दोर कोपरात अडकव आणि हात माझ्या खांद्यावर ठेव. धरायचं काम माझं. तू फक्त पायानं दाब दे."

"तुमी चढता?"

दोन पोरं झाल्यावर मी झोक्यावर चढले नव्हते. वेळ नव्हता, एवढंच कारण. "चढते," मी म्हणाले आणि कासोटा घातला.

आम्ही परत आलो तेव्हा फळीवर दोन शाळकरी पोरी होत्या. मी त्यांना उतरवलं आणि आम्ही दोघी चढलो. तोवर लोकांना वाटत होतं की मीच चढणार आणि ती नुसती फळी धरायला आली आहे. तिनं दोर कोपरांत घेतले, मी तिच्या डोक्याच्या वर घट्ट धरले आणि पहिला दाब दिला.

झोका चालू झाल्यावर खाली काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं दिसलं, कारण दर वेळी जवळ येत होतं आणि लांब जात होतं. एकदा खाली आलो तेव्हा काकीचा हात तोंडावर होता. दुसऱ्यांदा आलो तेव्हा आत्याबाई पुढं आल्या होत्या. तिसऱ्यांदा त्या झोक्यामागं पळत होत्या आणि म्हणत होत्या, "उतर. उतर म्हनते न्हवं. अगं ए सटवे, तिला उतरीव आधी." सटवी म्हणजे मी. कुणीतरी त्यांना मागं ओढलं, नाहीतर फळी त्यांच्या कपाळावर बसली असती.

पोरीच्या पायांत जोर होता. महिनाभर उभं राहून कानस मारल्यामुळे असेल किंवा मुळातला असेल. तिनं गुडघे वाकवून असा दाब दिला की नाडा करकरला आणि आम्ही फांदीच्या बरोबरीनं गेलो. समोर शाळेची कौलं, त्यांच्या पलीकडं उसाचे पट्टे आणि लांबवर कृष्णेकाठची झाडं दिसली, आणि मग ते सगळं मागं गेलं. पुढच्या खेपेला चिंचेचा पाला आमच्या पायांना लागला आणि पानं खाली बायकांच्या डोक्यावर पडली. कुणी ओरडलं नाही. एवढा झोका लागला आणि शाबासकी नाही असं तिथं पहिल्यांदाच झालं असेल.

झोका थांबल्यावर नणंद उडी मारून उतरली. मुद्दामच उडी मारली. "आता पटलं का?" ती म्हणाली. "तसलं काय न्हाई."

काकी म्हणाली, "मग तासाभरामागं का चढली न्हाईस गं भवाने?"

ह्या प्रश्नाचं उत्तर आम्ही ठरवलं नव्हतं. मी मध्ये पडून म्हणाले की माझीच वाट बघत होती, आमची पैज लागली होती. काकीला ते पटलं नाही, पण तिच्या मागं रांग लागली होती आणि दोराला आधी हात कुणी लावला यावर वाद सुरू झाला होता, त्यामुळे तिचं लक्ष तिकडं गेलं. आत्याबाईंचं गेलं नाही. त्यांनी लेकीचा हात धरून तिला घराकडं ओढलं, आणि चार पावलांवर थांबल्या. आयुष्यभर उसात खुरपणी केलेल्या बाईला हातात आलेला हात कसला आहे हे न बघता कळतं. त्यांनी तो उलटा केला, बघितला आणि पुन्हा चालायला लागल्या. मीही मागून गेले.

घरी आल्यावर नणंदेनं सगळं सांगितलं. आत्याबाई चौकटीला टेकून ऐकत होत्या.

"आपल्यात उभा ऊस हाय," त्या म्हणाल्या. "आनि माझी लेक लोकाच्या दारात कानस मारती."

"तुमच्या दारात खुरपं मारत हुते तवा हात काय फुलागत हुते व्हय?"

"ते आपलं हुतं."

"त्यो ऊस तरी माझा कुटं हाय? दादाचा हाय. मी पंचमीची पाव्हणी. हितं आले तर दोन दीस दिंडं खानार."

हिशोब बरोबर होता आणि तो आत्याबाईंनाही लागू होता.

"आनि खोलीत काय करू?" नणंद पुढं म्हणाली. "सकाळी दोन भाकऱ्या थापल्या की काम सपलं. दिसभर भिताडाकडं बघायचं. शेजारीण हाय, पर ती कानडी बोलती. कारखान्यात दोघी हायत, बोलायला हुतंय. लय बरं वाटतंय मला तिथं."

"तुझी सासू काय म्हनंल?"

"तिला मी सांगीन. मशिनवर गेले की सांगीन."

आत्याबाईंनी पुन्हा तिचा हात घेतला आणि उजेडाकडं धरला. अंगठ्याखालची सूज दाबून बघितली. पोरगी विव्हळली.

"हे पिकलंय," त्या म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "सुई आन."

मी उठले आणि त्याच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आज न्हाई चालत. उद्या उजाडलं की काढीन."

"उद्या उजाडायला एसटी हाय, आयं."

आत्याबाईंनी तिचा हात सोडला आणि त्या उठून आत गेल्या. संध्याकाळी चौकात फेर धरला तेव्हा त्या आल्या नाहीत. दरवर्षी पहिलं गाणं त्याच सांगत, म्हणून बायकांनी मला विचारलं. मी म्हणाले, दिंडं बाधलीत. पहिलं गाणं मी सांगितलं आणि फार वर चढवून सुरू केल्यामुळे निम्म्यात सगळ्यांचे आवाज फाटले. पुरुष शिराळ्याहून आले, त्यांनी नागांच्या गोष्टी सांगितल्या. घरातल्या पुरुषांना आमच्याकडची काहीच बातमी कळली नाही, कारण कुणी विचारलं नाही.

सकाळी मी उठले तेव्हा आत्याबाई दारात बसल्या होत्या, जिथं पहिला उजेड येतो तिथं. चुलीवर पाणी उकळत होतं, त्यात सुई टाकलेली. नणंदेची पिशवी भरलेली होती. ती कुणी भरली ते मी विचारलं नाही. पोरगी समोर बसली आणि आत्याबाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"हालू नगंस."

शाळेकडून एसटी चालू केल्याचा आवाज आला. मुक्कामी गाडीचं इंजिन सकाळी थंड असतं, ते दोन-चारदा खोकतं आणि मग लागतं. त्या दिवशी पहिल्याच झटक्याला लागलं.

"आत्याबाई, एसटी," मी म्हणाले.

"वाजू दे. ह्याला येळ लागतोय. अर्धा मोडून आत ऱ्हायला तर हात जाईल तिचा."

सुई चाललेली होती आणि त्या मान वर करत नव्हत्या. त्या मुद्दाम वेळ काढत होत्या की खरंच कीस खोल होता, हे मला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही मी विचारलं नाही. नणंद दात आवळून माझ्याकडं बघत होती. मी चपला घालायला थांबले नाही.

मी शाळेपाशी पोचले तेव्हा एसटी वळून रस्त्याला लागत होती. मी सरळ पुढं जाऊन मधोमध उभी राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मग डोकं बाहेर काढलं. रात्री त्यांचं जेवण आमच्याकडूनच गेलं होतं, त्यामुळे त्याला शिवी देता येईना.

"वैनी, काय झालं?"

"एक पॅसेंजर येतंय."

"कुटं हाय?"

"येतंय."

कंडक्टर खाली उतरला. "बाई, गाडीला टाइम असतो."

"मला ठाऊक आहे, मास्तर. मी रोज ह्याच गाडीच्या आवाजावर उठते. कधी ही वेळेवर गेलेली मी बघितली नाही. आजच कसली घाई लागली?"

आतली माणसं खिडकीतून बघायला लागली. एकजण म्हणाला, बाईला घेऊन टाका आत. मी म्हणाले, मला नाही जायचं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, बिडी काढली आणि परत ठेवली. मला माझे अनवाणी पाय दिसले, त्यांना चिखल लागला होता, आणि मी तशीच उभी राहिले.

मग वळणावर नणंद दिसली. साडी वर धरून पळत होती, उजव्या हाताला हळद भरून चिंधी बांधली होती. तिच्या मागं आत्याबाई डोक्यावर पिशवी घेऊन चालत येत होत्या. पळत नव्हत्या, पण थांबतही नव्हत्या. नणंद चढली. आत्याबाईंनी पिशवी खिडकीतून आत दिली आणि तिला म्हणाल्या, "मशिनवर गेलीस की केस बांधून बसत जा."

कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून दारात उभा होता. "बाई, बसली ती," तो मला म्हणाला. "आता बाजूला व्हा."

मी बाजूला झाले.